73-73: 1800 च्या अमेरिकी निवडणुकीत घोळ नेमका कुठे झाला?

निळी_शाई

1800 च्या निवडणुकीबद्दल बहुतेक ठिकाणी एवढंच सापडतं: थॉमस जेफरसन आणि अ‍ॅरन बर यांना सारखी मतं पडली, प्रतिनिधिगृहात 36 फेऱ्या झाल्या, अखेर जेफरसन अध्यक्ष झाले. मधला हिशेब कोणी उलगडून सांगत नाही आणि खरी गंमत तर तिथेच आहे. म्हणून हा धागा.

मूळ घटनेतली रीत अशी होती. प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके इलेक्टर (अध्यक्ष निवडण्यासाठी नेमलेली माणसं) प्रत्येक राज्याला. 1800 साली राज्यं 16 आणि इलेक्टर 138. प्रत्येक इलेक्टरने दोन नावं लिहायची, त्यातलं निदान एक परराज्यातलं हवं. हा अध्यक्षपदासाठी आणि तो उपाध्यक्षपदासाठी असं लिहायची सोयच नव्हती. दोन्ही मतं सारख्याच वजनाची. ज्याला सर्वाधिक मतं आणि शिवाय इलेक्टरांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 70, तो अध्यक्ष. त्याच्या खालचा उपाध्यक्ष, त्याला बहुमताची अट नाही. दोघं बहुमतात आणि बरोबरीत आले तर प्रतिनिधिगृहाने त्या दोघांतून एक निवडायचा. कोणालाच बहुमत नसेल तर पहिल्या पाचांतून. दोन्ही वेळा खासदारनिहाय नव्हे, तर एका राज्याला एक मत.

सगळे इलेक्टर आपापल्या राज्यात एकाच दिवशी मत देणार. त्या वर्षी तो दिवस होता 3 डिसेंबर. 1792 च्या कायद्याने निकालाचे तीन दाखले करावे लागत: एक माणसाहाती सिनेटच्या अध्यक्षाकडे, एक टपालाने त्याच्याकडेच, तिसरा स्थानिक संघीय न्यायाधीशाकडे. पाकिटं उघडायची फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी.

घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते. प्रत्येक राज्य आपल्याच माणसाला पुढे करील, म्हणून दुसरं मत सक्तीने बाहेर काढायचं, एवढाच त्यांचा विचार. पण एकदा पक्षाने जोडी ठरवली आणि इलेक्टर पक्षाची शिस्त पाळू लागले, की दोघांना समान मतं पडणारच. टाळायचं तर आपल्याच एका इलेक्टरला दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला सांगायचं. फेडरलिस्टांनी (तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या पक्षाने) ते चोख केलं: जॉन अ‍ॅडम्स 65, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी 64, आणि ऱ्होड आयलंडच्या एका इलेक्टरचं उरलेलं मत जॉन जे यांना. जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडून हेच राहिलं. जेफरसन 73, बर 73.

सातबारा

रिपब्लिकन म्हणजे आजचेच का? आणि एवढी साधी गोष्ट 73 जणांपैकी एकालाही सुचली नाही?

निळी_शाई

आजचा रिपब्लिकन पक्ष 1854 चा, त्याचा यांच्याशी संबंध नाही. जेफरसन-मॅडिसन गटाला इतिहासाच्या पुस्तकांत सोयीसाठी डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात.

सुचलं सगळ्यांना होतं. पण मत वाया घालवायचं कोणी आणि किती जणांनी? निकाल हाती आल्यावर मागे वळून बघा: अ‍ॅडम्स 65, म्हणून बर यांना 66 ते 72 मध्ये बसवायला हवं होतं. एक ते सात मतं कमी केली तर जोडी सुखरूप. आठ कमी केली तर बर अ‍ॅडम्सच्या बरोबरीत, नऊ केली तर अ‍ॅडम्स उपाध्यक्ष. 3 डिसेंबरला हे आकडे कोणाकडेच नव्हते. नऊ राज्यांतले रिपब्लिकन इलेक्टर एकाच दिवशी मत देताहेत, पत्र पोचायला आठवडे लागतात. दुसरं कोणीतरी करील अशा समजुतीत प्रत्येकाने दोन्ही नावं निष्ठेने लिहिली.

पिंपळपान

याला 1796 ची पार्श्वभूमी आहे, ती सांगितल्याशिवाय हे कळत नाही.

त्या वर्षी अ‍ॅडम्स 71, जेफरसन 68, थॉमस पिंकनी (1800 वाल्या पिंकनींचा धाकटा भाऊ) 59, बर 30. अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा. फेडरलिस्टांना अ‍ॅडम्स आणि पिंकनी अशी जोडी हवी होती, मग पिंकनी 59 वर कसे? दक्षिण कॅरोलायनाने आपली आठही मतं घरच्या पिंकनींना दिली आणि दुसरी आठ अ‍ॅडम्सना न देता जेफरसनना. हे होणार याची कुणकुण न्यू इंग्लंडला आधीच होती, आणि यामागे फेडरलिस्टांचेच नेते अलेक्झांडर हॅमिल्टन असल्याचा संशयही. म्हणून तिथल्या 18 इलेक्टरांनी पिंकनींचं नाव गाळलं आणि मतं एल्सवर्थ, जे वगैरेंवर उधळली. ती 18 पिंकनींना पडली असती तर 59 अधिक 18, म्हणजे 77. उपाध्यक्षपदाचा उमेदवार अ‍ॅडम्सना मागे टाकून थेट अध्यक्ष झाला असता!

आता बर यांच्या बाजूने बघा. 1796 मध्ये व्हर्जिनियाच्या 21 इलेक्टरांपैकी त्यांना मत दिलं एकाने. बाकीच्यांनी सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉर्ज क्लिंटन अशी नावं लिहिली. त्यामुळे 1800 साली न्यूयॉर्कच्या मंडळींनी व्हर्जिनियाकडून आधीच शब्द घेतला की या वेळी दगा नको. व्हर्जिनियाने 21 च्या 21 दिली. घोळ झाला तो बेशिस्तीने नव्हे, आधीच्या बेशिस्तीची भरपाई करण्याच्या नादात.

सातबारा

म्हणजे दोन्ही बाजूंनी एकदा कमी मतं टाकून पोळलेले आणि एकदा पूर्ण टाकून पोळलेले. छान.

बोरुबहाद्दर

बरोबरीची चर्चा ठीक, पण ही निवडणूक डिसेंबरात झालीच नाही. ती त्याआधी वर्षभर राज्यांच्या विधिमंडळांत झाली. इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेने राज्यांवर सोडलं होतं, आणि दोन्ही पक्षांनी त्या मोकळिकीचा पुरेपूर फायदा घेतला.

व्हर्जिनियात 1796 पर्यंत जिल्हावार निवड होती. त्यात एक इलेक्टर अ‍ॅडम्सच्या वाट्याला गेला होता. 1800 च्या आरंभी रिपब्लिकन विधिमंडळाने कायदा बदलला: अख्ख्या राज्याची एकच यादी, जिंकेल त्याचे सगळे 21. मॅसॅच्युसेट्समध्ये फेडरलिस्टांनी लोकांचं मतदान काढून घेऊन नेमणूक विधिमंडळाकडे आणली, 16 पैकी 16 अ‍ॅडम्सना. न्यू हॅम्पशायरनेही तेच केलं. सोळापैकी दहा राज्यांत 1800 साली मतदाराने इलेक्टरसाठी मत दिलंच नाही, विधिमंडळाने नेमले. जिल्हा पद्धत जिथे टिकली तिथलं चित्र बघा: उत्तर कॅरोलायना 8-4, मेरीलँड 5-5. टेनेसीची तऱ्हा तर सर्वांत न्यारी: कायद्यातच काही गृहस्थांची नावं घालून ठेवली, त्यांनी जमून तीन इलेक्टर निवडायचे.

मग महत्त्वाचं न्यूयॉर्क. 12 इलेक्टर, विधिमंडळ नेमणार. 1796 ला बाराही अ‍ॅडम्सचे. विधिमंडळाचा कल ठरणार होता न्यूयॉर्क शहराच्या 13 जागांवर आणि त्यांची निवडणूक होती 29 एप्रिल ते 1 मे 1800. बर यांनी त्या यादीत माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, साराटोगाची लढाई जिंकलेले जनरल होरेशियो गेट्स, ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन अशी वजनदार माणसं उभी केली. आमदारकीत त्यांना काडीचा रस नव्हता, गळ घालून उभे केलेले. वॉर्डावार मतदारांच्या याद्या केल्या, कोण पैसे देईल आणि कोण नुसता राबेल याची नोंद ठेवली. तेराही जागा मारल्या.

इथेच अ‍ॅडम्स हरले. न्यूयॉर्कचे 12 फिरवून पाहा: अ‍ॅडम्स 77, जेफरसन 61.

चावडीवाचक

हॅमिल्टन गप्प बसले?

बोरुबहाद्दर

छे. 7 मे ला त्यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं: नव्या विधिमंडळाची मुदत सुरू व्हायच्या आत जुनं, फेडरलिस्ट बहुमताचं विधिमंडळ तातडीने बोलवा आणि इलेक्टर जिल्हावार निवडण्याचा कायदा करून टाका. जे स्वतः फेडरलिस्ट. त्यांनी पत्राच्या पाठीवर टिपण केलं की हा पक्षाच्या फायद्याचा उपाय सुचवला आहे आणि तो करणं मला शोभणार नाही. पत्र दप्तरी दाखल. उत्तर नाही, अधिवेशन नाही.

पुढे ऑक्टोबरात याच हॅमिल्टननी स्वपक्षाच्या अ‍ॅडम्सवर 54 पानी पुस्तिका काढली. ती खासगीत फिरवायची होती, विरोधकांच्या हाती लागली आणि वर्तमानपत्रांत आली. पक्ष बुडवायला बाहेरच्यांची गरज पडली नाही.

साक्षेपी

सगळे डावपेच सांगितलेत, पण मुळातला गाळलात. गुलामांची तीन पंचमांश मोजणी. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, आणि जागांवरून इलेक्टर. मत द्यायचा हक्क अर्थातच शून्य. यामुळे दक्षिणेला जे जादा इलेक्टर मिळाले त्यातले साधारण बारा जेफरसनच्या वाट्याचे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. अ‍ॅडम्सनाही मेरीलँड आणि उत्तर कॅरोलायनातून एखाददुसरा मिळाला असेल. ते वजा करा, अ‍ॅडम्स काठावर निवडून येतात. ‘1800 ची क्रांती’ म्हणून मिरवताना हे आधी सांगायला हवं.

निळी_शाई

हिशेब मान्य. पण बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून एकच तरतूद काढली तर येणारं ते उत्तर आहे. पेनसिल्व्हेनिया बघा. 1796 ला तिथे राज्यभर लोकांचं मतदान झालं. मतपत्रिका हाताने लिहिलेलीच हवी असा नियम, त्यामुळे मतदाराने 15 नावं लिहून आणायची. जॉन बेकली या रिपब्लिकन संघटकाने हजारो हातलिखित याद्या आधीच तयार करून राज्यभर वाटल्या आणि 15 पैकी 14 मतं जेफरसनना मिळवून दिली. 1800 मध्ये राज्याचं खालचं सभागृह भक्कम रिपब्लिकन, पण सिनेट जेमतेम फेडरलिस्ट. कायद्याची मुदत संपलेली, नव्या कायद्याला सिनेट अडून बसलं. शेवटी तडजोड: दोन्ही सभागृहांनी आठ-आठ नावं सुचवायची, संयुक्त मतदानाने 15 निवडायची. फळ 8-7. मतदारांपर्यंत प्रश्न गेला असता तर अ‍ॅडम्सच्या सातातलं बहुतेक सगळं गेलं असतं. मग तीन पंचमांश काढूनही जेफरसन पुढे.

साक्षेपी

पेनसिल्व्हेनियाचा मुद्दा बिनतोड आहे. तरी फरक राहतोच. तिथे सिनेटने निवडणूक नियमांचा खेळ केला, दक्षिणेत माणसांची मोजणीच खोटी होती. दोन्ही एका तागडीत घालू नका.

रात्रपाळी

प्रतिनिधिगृहातल्या 36 फेऱ्यांबद्दल कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक विचित्र गोष्ट. 11 फेब्रुवारी 1801 ला बसलेलं सभागृह जुनं होतं, 1798-99 च्या सुमारास फ्रान्सविरोधी लाटेत निवडून आलेलं, फेडरलिस्ट बहुमताचं. नवीन निवडून आलेलं रिपब्लिकन सभागृह डिसेंबर 1801 मध्ये भरणार. म्हणजे हरलेला पक्ष जिंकलेल्या पक्षाच्या दोघांतून अध्यक्ष निवडणार! त्यामुळे उफराटे प्रकार झाले. दक्षिण कॅरोलायनाचे आठही इलेक्टर जेफरसनचे, पण तिथल्या खासदारांनी राज्याचं मत दिलं बर यांना. न्यू जर्सीचे सातही इलेक्टर अ‍ॅडम्सचे, पण खासदारांत रिपब्लिकन जास्त, मत जेफरसनना.

रीत अशी: सभागृहाने आधीच नियम केले होते. प्रेक्षक बाहेर, निवड होईपर्यंत तहकुबी नाही, दुसरं कामकाज नाही. राज्यागणिक खासदार एकत्र बसायचे, प्रत्येक राज्याची वेगळी मतपेटी. आतलं बहुमत मोजून नाव दोन चिठ्ठ्यांवर लिहायचं, समसमान असेल तर ‘विभागलेलं’ असं लिहायचं, आणि एकेक चिठ्ठी दोन मोठ्या पेट्यांत टाकायची. दोन्ही पेट्यांचा हिशेब जुळला की फेरी पुरी. 16 राज्यं, जिंकायला 9.

पहिली फेरी: जेफरसन 8 (न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, टेनेसी), बर 6 (न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेटिकट, डेलावेअर, दक्षिण कॅरोलायना), विभागलेली 2 (व्हरमाँट, मेरीलँड). आणि हेच 35 फेऱ्या! रात्रभर बसून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत 28 झाल्या. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन आजारी होते. बर्फातून त्यांना उचलून आणलं, शेजारच्या खोलीत पलंग टाकला, प्रत्येक फेरीला मतपेटी त्यांच्यापाशी न्यायची. ते आले नसते तर मेरीलँड 4-4 वरून बरच्या खात्यात गेलं असतं.

चावडीवाचक

मग 36 व्या फेरीत कोण फिरलं?

रात्रपाळी

फिरलं कोणीच नाही, इथेच मेख आहे. एकाही फेडरलिस्टाने जेफरसनच्या नावावर नवं मत दिलं नाही.

डेलावेअरला खासदार एकच, जेम्स बेयार्ड. त्यांचं एकट्याचं मत म्हणजे राज्याचं मत. 4 मार्चला अ‍ॅडम्सची मुदत संपते आणि अध्यक्षच नसेल तर काय, ही धास्ती त्यांना होती. बर यांच्याकडून काही हालचाल दिसेना, तेव्हा त्यांनी स्वपक्षीयांना सांगून टाकलं की मी आता माघार घेतो. 17 फेब्रुवारीला दुपारी 36 वी फेरी. व्हरमाँटचे फेडरलिस्ट लुइस मॉरिस मत द्यायला आलेच नाहीत, त्यामुळे दुसरे खासदार मॅथ्यू लायन यांचं एकट्याचं मत ते व्हरमाँटचं मत. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, राज्य जेफरसनकडे. डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायना कोरी. जेफरसन 10, बर 4, कोरी 2. बहुमत मिळालं ते कोऱ्या चिठ्ठ्यांमुळे.

पिंपळपान

मॅथ्यू लायन म्हणजे तेच ना, राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेलेले?

रात्रपाळी

तेच. 1798 च्या त्या कायद्याखाली चार महिने कैद आणि 1000 डॉलर दंड, आणि कोठडीत असतानाच पुन्हा निवडून आले. अ‍ॅडम्स सरकारवर टीका केली म्हणून आत टाकलेल्या माणसाच्या मताने अ‍ॅडम्सचा प्रतिस्पर्धी अध्यक्ष झाला. कायद्याचा मसुदाही वाचण्यासारखा आहे. सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहं आणि अध्यक्ष यांची बदनामी गुन्हा. उपाध्यक्षाचं नाव नाही, कारण तेव्हा उपाध्यक्ष जेफरसन होते! मुदतही 3 मार्च 1801 पर्यंतच, म्हणजे विरोधक सत्तेत आले तर त्यांना तो वापरता येऊ नये.

सातबारा

बेयार्ड आणि जेफरसन यांच्यात सौदा झाला होता असं वाचलं आहे.

निळी_शाई

बेयार्डना तीन गोष्टींची हमी हवी होती: सरकारी कर्जाची परतफेड चालू राहावी, आरमार ठेवावं, खालच्या पदांवरच्या फेडरलिस्टांना काढू नये. मेरीलँडचे सॅम्युअल स्मिथ जेफरसनशी बोलून आले आणि काळजीचं कारण नाही असं त्यांनी सांगितलं. जेफरसन पुढे आयुष्यभर म्हणत राहिले की मी कोणताही शब्द दिला नाही. स्मिथनी सौदा म्हणून विचारलं की सहज गप्पांत, यावर वाद आहे. पण बेयार्डनी ज्यांच्यासाठी रदबदली केली त्यांत विल्मिंग्टनचे जकात अधिकारी अ‍ॅलन मॅकलेन होते, आणि ते जेफरसनच्या कारकिर्दीत जागेवरच राहिले. यावरून काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं. मला तरी लेखी करार असायची गरज वाटत नाही.

चावडीवाचक

4 मार्चपर्यंत निवड झालीच नसती तर?

बोरुबहाद्दर

1792 च्या वारसा कायद्यात अध्यक्ष-उपाध्यक्ष दोघं नसतील तर सिनेटचा हंगामी अध्यक्ष, त्यानंतर प्रतिनिधिगृहाचा सभापती असा क्रम होता. फेडरलिस्टांत कोणी हंगामी अध्यक्षाला बसवा म्हणत होते, कोणी नवीन निवडणूक घ्या. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॅकीन आणि व्हर्जिनियाचे मन्रो यांनी तसं झालं तर राज्याची मिलिशिया (नागरी सेना) उतरवायची तयारी ठेवली होती.

पिंपळपान

दुरुस्ती कशी झाली तेही लिहून ठेवतो. बारावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1803 मध्ये काँग्रेसमधून गेली. सिनेटमध्ये 22-10. प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांशाला एक मत कमी पडत होतं, सभापती नॅथॅनिएल मेकन यांनी स्वतःचं टाकून 84-42 केलं. 17 पैकी 13 राज्यांची मंजुरी हवी होती, ती 1804 च्या निवडणुकीआधी मिळाली. बदल छोटा: दोन नावं तशीच, पण अध्यक्षासाठी एक चिठ्ठी आणि उपाध्यक्षासाठी वेगळी. प्रतिनिधिगृहाकडे पाचांऐवजी तिघांचीच नावं जाणार.

फेडरलिस्टांचा विरोध नुसता आकसापोटी नव्हता. जुन्या पद्धतीत अल्पमतातल्या पक्षाला निदान उपाध्यक्षपद मिळायची शक्यता होती, आणि दोघंही अध्यक्ष होण्याच्या लायकीचे असावे लागत. वेगळी चिठ्ठी आली की उपाध्यक्षपद तिकीट जुळवायच्या कामाचं होणार, हे त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. 1804 ला रिपब्लिकनांनी बरना वगळून क्लिंटनना घेतलं. जेफरसन 162, पिंकनी 14. राज्याला एक मत ही तरतूद मात्र कोणी हलवली नाही, ती आजही आहे. 1824 मध्ये जॅक्सन 99 मतं मिळवून सर्वांत पुढे असूनही प्रतिनिधिगृहाने 84 वाल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सना निवडलं, ते याच नियमाने.

साक्षेपी

एक मुद्दा राहिला. 11 फेब्रुवारीला पाकिटं उघडली कोणी? सिनेटचा अध्यक्ष म्हणजे उपाध्यक्ष, म्हणजे खुद्द जेफरसन. आणि जॉर्जियाचा दाखला कायद्याने सांगितलेल्या नमुन्यात नव्हता.

सातबारा

मग? चार मतं कमी झाली तरी 69 विरुद्ध 65, पुढेच की.

साक्षेपी

पुढे, पण बहुमत नाही. बहुमत नेमलेल्या इलेक्टरांचं, 138 चं. 69 म्हणजे बरोबर निम्मे, एक कमी. मग ‘बरोबरीतल्या दोघांतून एक’ हा नियम लागूच होत नाही, ‘पहिल्या पाचांतून’ हा लागतो, आणि पाच म्हणजे जेफरसन, बर, अ‍ॅडम्स, पिंकनी, जे. फेडरलिस्ट बहुमताच्या सभागृहाला अ‍ॅडम्सचं नाव परत मिळालं असतं. जॉर्जियाने मत कोणाला दिलं याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती, त्यामुळे मोजणं चुकीचं म्हणता येत नाही. जेफरसननी चारही मतं आपल्या आणि बरच्या खात्यात धरली, सभागृहात कोणी हरकत घेतली नाही, आणि आकडा वाचला गेला: 73.